चाकाच्या खुर्चीतला चोर

चौसष्ट कलांत चोरीलाही जागा आहे, असं आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. पण चोरायचं काय, याबाबत आपली कल्पनाशक्ती तांब्या, सायकल आणि देवळाबाहेरच्या चपला यांपलीकडे फारशी गेलेली नाही. तीन तासांची अख्खी मैफल उचलून घरी न्यायची, आणि तीही रॉकची, हा उद्योग अमेरिकेतल्या पोरांनी केला. रॉक म्हणजे काय हे मी सांगत बसत नाही. शेजाऱ्याकडे तो लागला, की आपल्या फडताळातल्या कपबशाच सांगतात.

लेड झेपेलिन हा इंग्रजांचा चौघांचा संच. त्यांतले दोघे, जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट, १९७२ साली मुंबईला येऊन इथल्या वादकांबरोबर ध्वनिमुद्रण करून गेले होते, तेव्हा मंडळी अगदीच परकी नव्हेत. त्यांचा व्यवस्थापक मात्र पीटर ग्रँट. देह डोंगराएवढा, आणि पूर्वायुष्यात गडी कुस्त्या खेळलेला! श्रोत्यांत टेपरेकॉर्डर दिसला, की याचं पित्त खवळायचं. १९७१ साली व्हँकुव्हरला त्याला असंच एक यंत्र दिसलं. ग्रँटसाहेबांनी जातीने जाऊन त्याचा चक्काचूर केला. मागाहून कळलं, की गाण्याचा गोंगाट किती होतो हे मोजायला आलेल्या सरकारी माणसांचं ते यंत्र होतं. मोजणी अपुरी राहिली, पण उत्तर बहुधा मिळालं असावं.

अशा माणसाच्या नाकावर टिच्चून ज्याने टेपा केल्या, त्याचं नाव माइक मिलार्ड. लॉस एंजेलिसजवळ इंगलवूडला ‘फोरम’ नावाचं प्रचंड सभागृह आहे. १९७७ च्या जूनमध्ये लेड झेपेलिनचे तिथे सहा कार्यक्रम झाले. मिलार्डचं नाकामिची रेकॉर्डर काही खिशात मावणारं नव्हतं. चांगलं वजनदार धूड होतं ते. म्हणून हा बहाद्दर चाकाच्या खुर्चीत बसून आत जायचा, आणि यंत्र त्या खुर्चीत दडवलेलं! पाय दोन्ही धडधाकट. पण खुर्चीतल्या माणसाला ‘जरा उठा हो, झडती घ्यायचीय’ असं कुठला दारवान म्हणेल?

आत गेल्यावर खरी तपश्चर्या. कॅसेटची एक बाजू पाऊण तासाची, आणि कार्यक्रम तीन तासांचा. गाणाऱ्याला काही सांगता येत नाही, की ‘बुवा, जरा थांबा, कॅसेट उलटायचीय.’ कुठलं गाणं किती लांबणार, ढोलवाला एकटा किती वेळ बडवणार (तो वीस-वीस मिनिटं बडवायचा) याचा हिशेब मनात ठेवायचा आणि अंधारात चाचपून कॅसेट बदलायची. आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. टाळी वाजवली तर ती टेपेत बसणार, आणि ‘वाहवा’ म्हटलं तर ती गाण्यापेक्षा मोठी ऐकू येणार. भोवती हजारो माणसं बेभान होऊन किंचाळताहेत, आणि त्या गाण्यावर ज्याचा सगळ्यांत जास्त जीव, तो एकटा वधूपरीक्षेला बसवल्यासारखा गप्प!

इतकं करून शेजारी कुणी शिट्टीबहाद्दर निघाला, की संपलं. आपल्याकडच्या मैफलींच्या खाजगी टेपा ज्यांनी ऐकल्यात त्यांना हे नवीन नाही. कितीतरी थोर यमन आपण कुणाच्या तरी खोकल्यासकट पाठ केलेत. पण खरं सांगू? कंपनीच्या घोटीव तबकडीत गाणारा आपल्याला सापडतो, पण त्याच्यापुढे कोण बसलं होतं हे कळत नाही. या चोरट्या टेपेत ती माणसंही असतात.

मिलार्डने या धंद्यात पैसा केला नाही. त्याच्या टेपांवरून तबकड्या काढून विकल्या त्या दुसऱ्यांनी. म्हणजे चोराच्या घरीही चोरी झाली. याच्या उलट ग्रेटफुल डेड नावाचा कॅलिफोर्नियातला संच. त्यांनी १९८४ पासून असल्या टेपवाल्यांना चक्क राखीव जागा दिली. मायक्रोफोनच्या काठ्यांचं तिथे उसाचं शेत उभं राहायचं. अट एकच. टेपा वाटा, विकू नका. आपल्याकडे शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये म्हणतात; यांच्याकडे कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवला, की कॅसेट भरून परत यायची.

२३ जून १९७७ ला फोरममध्ये जॉन बॉनमचा ढोल चालू असताना द हू या दुसऱ्या संचाचा ढोलवाला कीथ मून अचानक मंचावर चढला आणि दोघे मिळून बडवू लागले. सभागृहाचं छत तेवढं जागेवर राहिलं. पुढे सप्टेंबर १९७८ मध्ये मून गेला आणि सप्टेंबर १९८० मध्ये बॉनम. दोघेही अवघे बत्तीस वर्षांचे. त्या रात्रीची मिलार्डची टेप आहे. तीत दोघे अजून एकमेकांवर कडी करताहेत, माणसं ओरडताहेत, आणि त्या ओरडण्यात नसलेला एक आवाज खुर्चीत बसून पुढची कॅसेट चाचपतोय.