चुणी

अम्मीच्या उजव्या गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झाली आणि घरात एक नवी कटकट आली. मोजा! पांढरा, मांडीपर्यंतचा, ओढता ओढत नाही इतका घट्ट. पायाच्या शिरांत रक्ताची गाठ होऊ नये म्हणून तो हवाच, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी शाळेच्या घाईत मी तो कसाबसा चढवला. संध्याकाळी पाहिलं, तर घोट्यावर चुणी पडून लाल वळ उमटलेला.

"अम्मी, सांगितलं का नाहीस?"

"तुझी शाळा होती ना!"

मी गप्प झाले. आईच्या पायाशी जन्नत असते, हे मी दरवर्षी वर्गात शिकवते. पण ते पाय मी कधी नीट पाहिले होते? पायमशीन चालवून चालवून टाचा राठ झालेल्या. मोहल्ल्यातल्या बायकांचे कपडे शिवून माझ्या बी.एड.ची फी याच पायांनी भरली होती.

आता फजरनंतर, अम्मी पलंगावरून उतरण्याआधी, पायावर सूज नसते तेव्हाच मी बसते. पाय कोरडा करते. मोजा टाचेपर्यंत उलटा करून आधी टाच बसवते, मग हळूहळू वर सरकवते. अम्मी संकोचते. "माझ्या पायाला हात लावतेस, बरं नाही वाटत."

काल मात्र म्हणाली, "घोट्याजवळ चुणी राहिली बघ."

एवढ्या वर्षांत तिनं माझ्याकडे केलेली ही पहिली तक्रार. मी मोजा काढला आणि पुन्हा पहिल्यापासून चढवला. शाळेला उशीर झाला.