टक्क्याच्या खुणेमागे काय आहे?

मी मराठी शिकवते. प्रोग्रामिंगशी माझा कधी संबंध आला नव्हता. एका संस्थेचा ऑनलाइन प्रवेश अर्ज मराठीत आणायचं ठरलं, आणि अर्ज अडला की लाल अक्षरांत उमटणारे एरर मेसेज भाषांतरासाठी माझ्याकडे आले. छोटी छोटी तर वाक्यं, त्यात अवघड ते काय, असंच सगळ्यांना वाटत होतं.

अर्ज जँगो या फ्रेमवर्कमध्ये लिहिलेला आहे आणि जँगो भाषांतरासाठी जीएनयू गेटटेक्स्टची, म्हणजे १९९५पासून चालत आलेली पद्धत वापरतं. मला मिळाली ती एक साधी फाइल: वर मूळ इंग्रजी वाक्य, खाली मराठीसाठी कोरी अवतरणचिन्हं. इथवर समजलं. पण कित्येक वाक्यांच्या मधोमध टक्क्याची खूण, पुढे कंसात एखादं नाव आणि कंसाबाहेर एकटंच 'एस' हे अक्षर होतं. "मॅडम, त्याला हात लावू नका, तिथे आयत्या वेळी शब्द येतो," प्रोग्रामर म्हणाला. कोणता शब्द? "फॉर्ममध्ये जो असेल तो."

मी हबकलेच. पुढे कोणता शब्द येणार हे ठाऊक नसताना मराठी वाक्य सुरू तरी कसं करायचं? जँगोचा एक तयार संदेश आहे: हे अमुक असलेलं तमुक आधीच अस्तित्वात आहे. अमुक आणि तमुक, दोन्ही जागा रिकाम्या. तिथे 'मोबाइल नंबर' आला तर 'हा' हवं, 'पावती' आली तर 'ही', 'ओळखपत्र' आलं तर 'हे'. त्यात प्रत्यय लागला की शब्दाचं रूपच पालटतं. आपण 'पत्त्यामध्ये' म्हणतो. यंत्र मात्र मूळ शब्द जसाच्या तसा उचलतं आणि 'पत्ता मध्ये' छापतं. वाक्य तुकड्यांनी जोडायचं ही सोय ज्याने केली त्याच्यासमोर इंग्रजी होती, आणि तिला ती पेलते. आम्ही शेवटी नेहमी लागणाऱ्या प्रत्येक रकान्यासाठी पूर्ण, स्वतंत्र वाक्य लिहायचं ठरवलं. फाइल बरीच फुगली. फुगू दे. मुलीचा अर्ज भरणाऱ्या आईला आधीच धास्ती असते; तिच्यासमोर मोडकं वाक्य टाकणं मला पटत नाही.

एकवचन-अनेकवचनाचा भाग त्यामानाने सरळ निघाला. गेटटेक्स्ट मराठीसाठी दोन रूपं मागतं, ती दिली की झालं. जपानीला एकच रूप पुरतं, अरबीला सहा लागतात आणि पोलिशमध्ये २२ आणि २५ या आकड्यांसोबत नामाची रूपं वेगवेगळी येतात, हे कळल्यावर त्या भाषांत हेच काम करणाऱ्यांबद्दल मनात आदर दाटून आला.

खरी अडचण ज्या वाक्यात आली, ते व्याकरणाने अगदी शुद्ध होतं. नावाचा रकाना लांबला की संदेश येई: जास्तीत जास्त इतकी अक्षरे चालतील, तुमची इतकी झाली. मी ते नीट मराठीत केलं. मग सहज 'लक्ष्मी' लिहून किती मोजली जातात ते पाहिलं. आपल्या डोळ्यांना अक्षरं दोन: ल आणि क्ष्मी. संगणकाने सांगितली सात. तो ल, क, हलन्ताची खूण, ष, पुन्हा हलन्ताची खूण, म आणि दीर्घ वेलांटी हे सगळं सुटं सुटं मोजतो, कारण युनिकोडमध्ये त्यातल्या प्रत्येकाला आपापला क्रमांक आहे. म्हणजे आमचा संदेश निर्दोष मराठीत चक्क खोटं सांगत होता. अर्जदार बोटांवर मोजणार, हिशेब जुळणार नाही, आणि तो स्वतःलाच दोष देणार. हे भाषांतराने सुटण्यासारखं नव्हतंच. प्रोग्रामरने मर्यादा वाढवली आणि संदेशातून आकडे काढले. आता संदेश म्हणतो: 'हे नाव इथे मावत नाही, कृपया थोडं लहान करून लिहा.' माझ्या मते इंग्रजीतही तो असाच असायला हवा.

तेव्हापासून मी वाक्याआधी प्रसंग विचारते: हे कोणाला दिसतं, काय केल्यावर दिसतं, आणि पुढे त्या माणसाने करायचं काय? त्यासाठी गेटटेक्स्टमध्ये सोय आहे, हे मला उशिरा कळलं. कोडमध्ये संदेशाच्या वर 'ट्रान्सलेटर्स' या शब्दाने सुरू होणारी टीप लिहिली, की ती भाषांतराच्या फाइलमध्ये आपोआप उतरते. प्रोग्रामर आता अशा टिपा लिहितो. ज्या वाक्याला टीप नाही आणि ज्याचा प्रसंग त्यालाही सांगता येत नाही, ते मी कोरं ठेवते. तसं केलं की तिथे मूळ इंग्रजी दिसतं. अंदाजाने लिहिलेल्या मराठीपेक्षा मला ते चालतं. अशी काही वाक्यं अजून उरली आहेत. ती नेमकी कधी उमटतात हे तो कोडमध्ये शोधतो आहे.