अभ्यासिकेचा संगणक

आमच्या माहीमच्या विहारातील अभ्यासिकेत संगणक एकच, तोही इंटेलच्या चौथ्या पिढीचा. गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या मुदतीच्या शेवटच्या रात्री तो मध्येच बंद पडला आणि बारावीच्या एका मुलीचा अर्ज राहिला. तिची आई घरकाम करते. ती माउली आम्हाला काहीच बोलली नाही, तेच जास्त लागले.

त्यात विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम 2.0 लागते. जयंतीच्या वर्गणीतील शिल्लक 22 हजार रुपये घेऊन आम्ही लॅमिंग्टन रोड गाठला. एक दुकानदार ग्राफिक कार्ड गळ्यात मारू पाहत होता. महाडीबीटीचा अर्ज भरायला ग्राफिक कार्ड? आम्ही कारकून माणसे, आधी बेरीज करतो! 8 जीबी रॅम आणि 256 जीबी एसएसडीचे साधे यंत्र घेतले. मॉनिटर, कीबोर्ड जुनेच. मात्र मॉनिटरला व्हीजीए आणि नव्या यंत्राला एचडीएमआय, म्हणून कन्व्हर्टरसाठी पुन्हा एक खेप झाली.

जुन्याची हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, मोफत मिळणारी लिनक्स टाकली. आता तोही दुसऱ्या टेबलावर चालतो.

पावत्या विहाराच्या फलकावर लावल्या आहेत. त्या मुलीचा एफवायचा अर्ज यंदा मुदतीच्या पंधरा दिवस आधीच भरला.