बिडाची कढई

स्मरणिकेसाठी वसतिगृहातील एखादी आठवण लिहून द्यावी, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा आम्ही सहाही जणांनी एकमेकांना न विचारता एकच विषय सुचविला. म्हणून हा लेख सहा जणांचा मिळून आहे. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात जेवताना कोणीतरी हमखास म्हणते, "रस्सा चांगला आहे, पण आपल्या वेळची चव नाही." हे वाक्य आम्ही आजवर खाली मान घालून ऐकत आलो. ती चव कशाने गेली, हे आम्हांला पक्के ठाऊक आहे.

वसतिगृहाच्या मागे कडुलिंबाखाली तीन मोठ्या दगडांची चूल होती आणि तिच्यावर बिडाची कढई. इतकी जड की तिच्या दोन कड्यांतून बांबू घालून चौघांनी उचलावी. एरवी स्वयंपाक आत होई. पण थंडीत तुरीला शेंगा भरल्या की रविवारी मावशी चूल बाहेर पेटवीत. सकाळच्या कोवळ्या उन्हात ताडपत्रीवर बसून आम्ही ऐंशी मुले शेंगा सोलीत असू. सहा किलो सोले निघेपर्यंत निम्मे पोटात गेलेले असत, हे मावशींना माहीत असे आणि त्या शेंगा त्या हिशेबानेच मागवीत.

सोल्यांपैकी अर्धे त्या थोड्या तेलावर परतून हिरवी मिरची, लसूण, जिरे व सांबार घालून पाट्यावर जाडेभरडे वाटून घेत, अर्धे अख्खे ठेवीत. पऱ्हाट्यांनी जाळ धरला की बाभळीची लाकडे सरकवायची. तेल तापून धूर निघाला की फोडणी, मग कांदा, मग वाटण. ते तेल सोडीपर्यंत ढवळणाऱ्याची सुटका नसे. त्यानंतर देठासकट चिरलेली काटेरी वांगी आणि आधणाचे पाणी. लोखंडात वांगे काळवंडते, त्यामुळे रस्सा हिरवा न राहता काळपट होई. नव्या मुलाला तो पाहून शंका येई. पहिल्या घासानंतर तो वाटी पुढे करी.

विज्ञानाच्या गुरुजींनी एकदा तास या कढईवरच घेतला होता. बिडात कार्बनचे प्रमाण शेकडा 2 हून अधिक असते, म्हणून ते पोलादासारखे वाकत नाही, फुटते. आणि जाड असल्यामुळे सावकाश तापते व सावकाश निवते. तासाचे बाकी काही ध्यानात राहिले नाही. पण जाळ ओढून घेतल्यावरही रस्सा बराच वेळ रटरटत राही आणि शेवटच्या पंगतीलाही तो पहिल्या पंगतीइतकाच गरम मिळे, हे आम्ही रोज पाहत होतो. आमच्यापैकी एकाचे आजोबा भेटीला आले होते. गावजेवणात उकिरड्याकडेला बसून वरून टाकलेले अन्न खाल्लेले ते गृहस्थ. "या कढईतलं कोण कोण खातं?" त्यांनी विचारले. सगळेच, गुरुजीसुद्धा, असे सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत. जेवण होईपर्यंत चुलीजवळच बसून राहिले.

कढई धुण्याचा मावशींचा नियम कडक होता. जेवणे आटोपली की ती तशीच निवू द्यायची. सकाळी कोमट पाण्याने व राखेने घासून, पुसून, पुन्हा चुलीवर कोरडी करून जवसाच्या तेलाचा हात फिरवायचा. हे तेल तापून वाळले की त्याचा पातळ, चिवट थर बसतो. असे थरावर थर बसून ती आतून काळ्या आरशासारखी झाली होती.

दहावीच्या वर्षी, निरोप समारंभाच्या रात्री, कढई घासण्याची पाळी आम्हां सहा जणांची होती. सभागृहात पडद्यावर चित्रपट सुरू झाला होता. सकाळपर्यंत थांबण्यापेक्षा आताच उरकून टाकू, असे कोणीतरी म्हणाले. कोण, यावर आमचे आजही एकमत नाही. खाली निखारे फुललेले, वर रिकामी कढई, आणि आम्ही विहिरीच्या थंड पाण्याची बादली तिच्यात ओतली. वाफेच्या लोटात टण्णकन आवाज झाला. काठापासून बुडापर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. ती निवल्यावर आम्ही कशीबशी कलंडून भिंतीला टेकवली आणि चित्रपट पाहायला गेलो.

सकाळी गृहपालांनी सर्वांना रांगेत उभे करून विचारले. आम्ही गप्प. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "माह्याच हातानं झालं, सर." त्यांच्या पगारातून काही कापले गेले की नाही, हे विचारण्याचे धैर्यही आम्हांला झाले नाही. पुढे त्या जागी जर्मनचे भगोणे आले. ते झटकन तापते, बुडाला लागते, झटकन निवते.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही मावशींच्या गावी गेलो. त्या आता थकल्या आहेत, कानाने कमी ऐकतात. सारे सांगून झाल्यावर हसल्या. "मले मालूम होतं. बादली तं तुमी तेथंच इसरून गेलते." मग आम्ही त्या वेळी बोलण्याची तयारी केलेली वाक्ये बोललोच नाही. त्यांनी भाकरी टाकायला घेतली.

सहा जणांनी मिळून आता तेवढीच बिडाची कढई घेतली आहे. ती भांडारगृहात आहे. गरम पाण्याने धुऊन जवसाच्या तेलाचे चार हात झाले आहेत. तरी अजून ती कोरी आहे. पहिले काही महिने तिच्यात तळण करावे. चिंच-टोमॅटो घातलेले काही शिजवू नये, आंबटाने थर निघून जातो. या हिवाळ्यातील मेळाव्याला सोले-वांग्यांचा रस्सा तिच्यातच होईल. शेंगा सोलण्यास सकाळी सातपर्यंत यावे. मावशी येणार आहेत. त्यांनी एकच अट घातली आहे : चुलीजवळ थंड पाण्याची बादली दिसता कामा नये.