दादाच्या शेतातली धावपट्टी

परवा नातू आला होता. आल्या आल्या माझ्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, हा डबा भंगारात कधी द्यायचा?" मी म्हटलं, "मी गेल्यावर." त्यावर सूनबाई रागावली, मी चहा टाकायला उठले आणि विषय तिथेच राहिला. पण डोक्यातून जाईना, म्हणून लिहून टाकते.

त्या डब्यात अजून विंडोज एक्सपी आहे. त्यावर मी एकच काम करते. विमान उडवते. हसू नका मंडळी, खरंच सांगतेय. 'फ्लाइट सिम्युलेटर २००४' नावाचा प्रोग्रॅम आहे. राइट बंधूंच्या उड्डाणाला शंभर वर्षं होत होती म्हणून २००३ साली ही आवृत्ती निघाली. त्यात राइट बंधूंचं विमान आहे, जुनं डीसी-३ आहे, लिंडबर्गने एकट्याने अटलांटिक ओलांडला तेही आहे. मी मात्र साधं चार माणसांचं सेस्ना १७२ चालवते. एकच पंखा, पाय जमिनीला टेकलेल्या चाकांचं. मला झेपतं.

हे खूळ माझं नव्हे, दादाचं. दादा रेल्वेत सिग्नलच्या खात्यात होता. निवृत्त झाल्यावर घरात बसून वहिनीच्या स्वयंपाकात चुका काढू लागला तेव्हा मुलांनी त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला. चार सीडींचा तो संच त्याने कुठून पैदा केला देव जाणे. मी सुट्टीत मिरजेला गेले की मला शेजारी बसवायचा. "मास्तरीणबाई, जन्मभर पोरांना नकाशे शिकवलेत ना? मग मला पुण्याहून घरी आणून दाखवा." दोन-अडीच दिवस मी नुसती पडत होते. एकदा तर थेट मुळा-मुठेत.

मग दादाने रीतसर शिकवलं. भिंतीवरच्या नकाशावर पेन्सिलीने पुणे विमानतळापासून मिरजेपर्यंत सरळ रेघ. कोनमापक लावला, १५८ अंश. अंतर सुमारे दोनशे दहा किलोमीटर, म्हणजे आमच्या विमानाला तासाभराचं. पुरंदर उजव्या हाताला, पुढे वीर धरण, मग विटा, मग तासगाव. होकायंत्र आणि घड्याळ, बाकी काही बघायचं नाही. "जेआरडींनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं तेव्हा त्यांच्याकडे रेडिओसुद्धा नव्हता," हे तो दर उड्डाणाला ऐकवायचा.

गंमत अशी, की पडद्यावर विटा दिसायचंच नाही. खाली सगळीकडे तीच ती हिरवी-तपकिरी चौकटींची गोधडी. जमिनीचे चढउतार बऱ्यापैकी असायचे, पण गावं म्हणजे अंदाजपंचे. तरी पन्नास मिनिटं झाली की दादा घड्याळाकडे बघून म्हणायचा, "हं, आता खाली विटा." आणि मला खाली विटा दिसायचं! एसटी स्टँड, तिथला चहा, सगळं. वर्गात कोऱ्या आराखड्यावर मुलांकडून नद्या भरून घेतल्या इतकी वर्षं, पण त्यातला आनंद मला साठीजवळ आल्यावर कळला.

२००५ साली गूगल अर्थ आलं आणि दादाच्या अंगात आलं. आमच्या शेताचे अक्षांश-रेखांश त्याने त्यातून काढले, एएफकॅड नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि आमच्या शेतात धावपट्टी आखायला बसला. साडेचार एकराचं शेत, म्हैसाळच्या अलीकडे. पट्टी गवताची, सहाशे मीटर. खऱ्या शेताची लांबी एवढी नव्हतीच, त्यामुळे शेजाऱ्याच्या बांधापलीकडे आम्ही चांगलंच अतिक्रमण केलं. त्याला बिचाऱ्याला कधी कळलं नाही. आमच्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, आणि विमान उतरवायचं ते वाऱ्याला तोंड देऊन, म्हणून पट्टी पूर्व-पश्चिम. एका टोकाला ०९ आकडा, दुसऱ्याला २७, म्हणजे ९० अंश आणि २७० अंश. विमानतळाला चार अक्षरी नाव लागतं. पश्चिम भारतातली नावं 'व्हीए'ने सुरू होतात. दादाने पुढे 'एमएच' लावलं. मी म्हटलं, महाराष्ट्र का? म्हणाला, "लोक तसंच समजतील. समजू देत. एमएच म्हणजे माहेर."

लग्न होऊन पस्तीस वर्षं झाली होती मला तेव्हा.

दादा २०१७ साली गेला. वहिनीने विचारलं, तुला काय हवं? मी कॉम्प्युटर मागितला. सगळ्यांना वाटलं, म्हातारीला हाव सुटली. पुढे २०२१ मध्ये शेत विकलं गेलं. भाचेमंडळी हे वाचत असतील तर त्यांनी मनाला लावून घेऊ नये. दोघंही नोकरीला बाहेर, ऊस कोण बघणार? मी सहीला गेले तेव्हा हक्कसोड तर कधीच झालं होतं, पण तरी मला बोलावलं, साडी दिली. आता तिथे प्लॉट पाडलेत म्हणे. मी बघायला गेलेले नाही.

आता प्रश्न येतो, ते सगळं उचलून नव्या कॉम्प्युटरवर का नाही टाकत? टाकता येत नाही सहजी. त्या काळी सीडीची नक्कल होऊ नये म्हणून तिच्यात एक कुलूप असायचं. ते कुलूप सुरक्षेला धोका आहे म्हणून विंडोज १० पासून त्याचा आधारच काढून टाकला. त्यामुळे माझी पैसे देऊन घेतलेली खरी सीडी नव्या यंत्राला ओळखीचीच वाटत नाही. एक्सपीवर मात्र चौथी सीडी खणात घातली की मुकाट्याने चालू होतं. कुणाला विचारावं लागत नाही, इंटरनेट लागत नाही. दोनदा पॉवर सप्लाय बदललाय, एकदा हार्ड डिस्क. दुरुस्तीवाला मुलगा चांगला आहे, पण दर वेळी माझ्याकडे जरा काळजीने बघतो.

तर, नातवाने परवा आपल्या लॅपटॉपवर नवं सिम्युलेटर लावून दाखवलं. खोटं कशाला बोलू, मी अवाक् झाले. सगळी पृथ्वी उपग्रहाच्या आणि विमानातून काढलेल्या छायाचित्रांनी मढवलेली. उडता उडता ती इंटरनेटवरून उतरत राहते, कारण तो साठा कुठल्याच घरच्या डिस्कवर मावणार नाही. ढग तर असे, की आषाढात महाबळेश्वरला उभं असल्यासारखं वाटलं. सह्याद्रीची धार मी चाळीस वर्षं फळ्यावर खडूने काढली, ती अशी उजवीकडून सरकताना पाहून डोळे भरून आले. माझ्या वर्गात हे असतं तर! जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही, एवढं नोंदवून ठेवते.

वाटेत नातवाने एक किस्सा सांगितला. २०२० साली या मालिकेतली नवी आवृत्ती आली तेव्हा मेलबर्नच्या साध्या बैठ्या वस्तीत एक २१२ मजली मनोरा उभा होता! कुणीतरी लोकांनी मिळून भरायच्या नकाशात २ मजल्यांऐवजी २१२ टाइप केलं होतं. नकाशातली चूक नंतर दुरुस्तही झाली, पण सिम्युलेटरकडे आधीची प्रत होती. मला भयंकर हसू आलं. पेपर तपासताना असे मनोरे मी पुष्कळ पाडलेत.

मग तो म्हणाला, "आजी, तुझ्या शेतावर जायचं?"

१५८ अंश धरले. या वेळी विटा खरंच दिसलं. मला घड्याळ बघावंच लागलं नाही, आणि त्याचं थोडं वाईटही वाटलं. म्हैसाळच्या अलीकडे आलो, खाली उतरत गेलो, आणि... शेत होतं. प्लॉट नाहीत, रस्ते नाहीत. विहिरीचा गोल, बांधावरचं आंब्याचं झाड, उसाच्या सऱ्या. मी नातवाला थांब म्हटलं. त्याने विमान तसंच हवेत थांबवून ठेवलं.

"अरे, हे तर विकलंय."

"फोटो आधीचा असणार, आजी. कुठे नवा असतो, कुठे जुना. पुढे बदलतील."

"कधी?"

"सांगत नाहीत तसं. एक दिवस आपोआप बदललेलं दिसेल."

म्हणजे नव्यातलं शेत जुनं, आणि जुन्यातलं मुळात शेतच नव्हे, तपकिरी चौकट आणि त्यावर दादाची पट्टी. नव्यात आंबा आहे पण एक दिवस मी जाईन आणि तो नसेल. जुन्यात आंबा कधी नव्हताच, दादाला झाड लावणं जमलं नाही, दोन रात्री खटपट केली होती त्याने. पण जे आहे ते कुणी माझ्या नकळत बदलणार नाही.

नातू म्हणाला, "या नव्यातही पट्टी करता येते. करून देऊ?" मी एकदम हो म्हटलं नाही. जेवणं झाल्यावर दादाची वही काढली. त्यात अक्षांश-रेखांश आहेत, पट्टीची लांबी आहे, आणि समोर लाल शाईत "शेजारी: १८० मी. क्षमस्व" असं लिहिलंय. वही त्याला दिली. मूळ नाही, झेरॉक्स.

डबा मात्र हलणार नाही. काल रात्री पुन्हा चौथी सीडी घातली. दादाने साठवून ठेवलेलं शेवटचं उड्डाण उघडलं, तासगावच्या पुढे, वारा पश्चिमेचा, आठ नॉट. २७ वर उतरले. थोडी उजवीकडे गेले, शेजाऱ्याच्या हद्दीत.