हरिणीचा शब्द

प्रतापगड म्हटले की बहुतेकांना साताऱ्याकडचा किल्ला आठवतो. आमच्या गोंदिया जिल्ह्यातही एक प्रतापगड आहे, अर्जुनी मोरगाव तालुक्यात. येथे डोंगर आहे, जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेवाचे देवस्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गाही आहे. भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा झाला. प्रतापगडची यात्रा मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून भरते. महाशिवरात्रीला गावोगावचे लोक 'हर हर महादेव' म्हणत डोंगर चढतात आणि त्यांतले पुष्कळ जण दर्ग्यावरही माथा टेकतात. आमच्या घरची माणसे दर्ग्यावर फातिहा देऊन परत फिरत. वर काय आहे, तेथे कोणत्या कथा सांगतात, हे घरात कधी कुणी विचारले नाही.

मी वरपर्यंत गेले ती वर्गातल्या एका प्रश्नामुळे. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. आमच्या मुलांना मराठी शब्दांचे अर्थ सांगता येतात. अडते ते शब्दामागच्या कथेपाशी. 'भगीरथ प्रयत्न', 'भस्मासुर', 'हलाहल पचवणे' असे काही आले की मुले एकमेकांकडे पाहतात. आठवीतल्या एका मुलाने विचारले, "टीचर, मृग म्हणजे हरीण ना? मग पाऊस हरणाचा कसा?" त्याचे वडील धान पिकवतात. मिरग लागला की पऱ्हे टाकायचे, हे त्याला माहीत होते. पण पावसाला हरणाचे नाव का, हे त्याला कुणी सांगितले नव्हते.

उर्दूत अशा संदर्भाला 'तलमीह' म्हणतात. फरहादची कुदळ, यूसुफची विहीर, नमरूदची आग हे समजल्याशिवाय ग़ज़ल कळत नाही, म्हणून उर्दूचा शिक्षक आधी किस्सा सांगतो आणि मग शेर. मराठीलाही तिच्या तलमीहा आहेत. त्या आपल्या मुलांना सांगणार कोण?

मराठी शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी आमच्या ओळखीचे आहेत. दरवर्षी ते सपत्निक प्रतापगडला जातात. "या वर्षी तुम्हीही चला, कथा जिथल्या तिथे ऐका," असे ते म्हणाले आणि मी गेले. चढताना काकूंच्या हाताला बेलाच्या पानांची पिशवी होती. वर देवदर्शनाची रांग होती. काकू आत गेल्या, मी बाहेर दगडावर बसले. कुणी मला आत बोलावले नाही आणि बाहेर का बसलीस असेही विचारले नाही. परत आल्यावर काकूंनी उपवासाचे उकडलेले रताळे माझ्या हातावर ठेवले आणि कथा सांगितली.

एक व्याध, म्हणजे शिकारी, शिवरात्रीला दिवसभर उपाशी हिंडला. रात्री पाणवठ्याकाठच्या बेलाच्या झाडावर दबा धरून बसला. समोरचे दिसावे म्हणून तो पाने तोडून खाली टाकत होता. खाली महादेवाची पिंड होती, हे त्याला ठाऊक नव्हते. इतक्यात एक गाभण हरिणी पाण्यावर आली. त्याने बाण लावताच ती माणसासारखी बोलली, "माझ्या पोटात जीव आहे. बाळंत होऊन पिलू इतरांच्या हवाली करते आणि परत येते. मग मार." त्याने तिला सोडले. रात्रभर अशीच आणखी हरणे आली, शब्द देऊन गेली आणि पहाटे सगळी परत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली. व्याधाच्या हातून धनुष्य गळाले. महादेवाने हरणांना आकाशात जागा दिली, ते मृग नक्षत्र. शेजारी तेजस्वी तारा झाला तो व्याध. श्रीधर कवींनी १७१८ साली 'शिवलीलामृत' लिहिले, त्याच्या दुसऱ्या अध्यायात ही कथा आहे. काकूंना ती जवळजवळ पाठ होती.

ऐकता ऐकता मला माझी नानी आठवली. मीलादच्या दिवसांत मोहल्ल्यातल्या बायका जमल्या की ती 'हरनीचा मोजिज़ा' सांगायची. एका शिकाऱ्याने हरिणीला बांधून ठेवले आहे. ती हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांना विनवते की माझी पाडसे भुकेली आहेत, दूध पाजून परत येते. हुजूर तिचे ज़ामिन होतात. हरिणी जाते, दूध पाजते आणि खरोखर परत येते. शिकाऱ्याचे मन पालटते. हरिणी परत आली, येथे पोहोचल्यावर नानीचा आवाज दरवेळी भरून यायचा. काकूंचाही त्याच जागी भरून आला.

दोन्ही कथा एकच आहेत असे मी म्हणणार नाही. काकूंच्या कथेत हरिणीला ज़ामिन कुणी नाही, तिचा शब्द हाच तिचा ज़ामिन. नानीच्या कथेत अल्लाहचे रसूल एका जनावरासाठी स्वतःला जबाबदार धरतात. एकीत नकळत घडलेल्या पूजेचे फळ आहे, दुसरीत रहमत आहे. हा फरक पुसून खोटा सलोखा करण्याची गरज नाही. पण दुबळ्या जिवाने दिलेला शब्द पाळला आणि बलवानाला त्याची लाज वाटली, हे दोन्हीकडच्या आयांनी आपल्या मुलांना सांगण्यासारखे मानले.

मुलांना मी ही कथा सांगितली तेव्हा एक पालक शाळेत आले. रागावलेले नव्हते, काळजीत होते. "टीचर, इससे बच्चों के अक़ीदे पर असर तो नहीं पड़ेगा?" मला त्यांची काळजी समजते. तौहीद ही आमची पहिली दौलत आहे, तिला धक्का लागेल असे काही मीही करणार नाही. पण ऐकणे आणि मानणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अल् बेरूनीने सुमारे १०३० साली 'किताबुल हिंद' लिहिली, तेव्हा हिंदूंचे म्हणणे वाद न घालता, ते सांगतात तसे मांडायचे ठरवले होते. १८३० साली वारलेल्या नज़ीर अकबराबादींनी महादेवाच्या लग्नावर नज़्म लिहिली. आपल्याच मराठीत श्रीगोंद्याचे शेख महंमद 'योगसंग्राम' लिहून गेले. त्यांना शेजाऱ्याच्या कथा कळत होत्या, म्हणून शेजाऱ्याला त्यांचे म्हणणे कळले.

आणखी एक गोष्ट मी त्या पालकांना सांगितली. दुसऱ्याच्या कथेला जो तराजू लावतो तोच आपल्या कथेलाही लावावा. ख्वाजा उस्मान हारूनी हे अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे मुर्शिद. त्यांची कबर मक्केत होती, असे तज़किरे सांगतात. तरी प्रतापगडला त्यांच्या नावाने लोक येतात. नानीच्या हरिणीची रिवायतही हदीसच्या अभ्यासकांनी कमज़ोर ठरवली आहे. आपल्याकडेही दीन वेगळा आणि दीनच्या सावलीत वाढलेली दास्तान वेगळी. दास्तान दास्तान म्हणून ऐकली तर ईमानला धोका नाही. धोका आहे तो शेजाऱ्याबद्दल काहीच माहीत नसण्यात. मग शेजाऱ्याबद्दल कुणी काहीही सांगो, ते खरे वाटते. काकूंसोबत रताळे खाल्लेल्या बाईला तसे काही पटवणे जरा कठीण जाईल.

ते पालक थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी विचारले, "व्याध तारा कौनसा है?" मी त्यांना सांगितले की महाशिवरात्रीच्या सुमारास संध्याकाळी मृग डोक्यावर असतो. त्यातले ओळीतले तीन तारे म्हणजे हरणाच्या अंगात रुतलेला बाण. त्या तिघांची रेघ आग्नेयेकडे वाढवली की जो सर्वांत तेजस्वी तारा दिसतो, तो व्याध. अरबीत त्याचे नाव शिअ्‌रा. इस्लामपूर्व काळात काही अरब त्याची पूजा करीत. कुरआनच्या ५३व्या सूरेत, सूरह नज्ममध्ये, त्याचा नावाने उल्लेख आहे आणि त्याचाही रब अल्लाहच आहे असे बजावले आहे.

आता मराठीच्या तासाला 'मृग' आला की मी फळ्यावर तारे काढते, काकूंची कथा सांगते आणि नानीचीही. व्याधाशेजारी कंसात शिअ्‌रा लिहिते. मुले दोन्ही शब्द वहीत उतरवून घेतात. प्रश्न विचारणारा तो मुलगा आता दहावीत आहे. मागच्या जूनमध्ये त्याने पऱ्हे टाकता टाकता आपल्या अब्बांना हरिणीची गोष्ट सांगितली. कोणती, काकूंची की नानीची, असे मी विचारले. तो म्हणाला, "दोनों, टीचर. काम लंबा था."