चार सेकंदांचा बोर्ड

माझा लॅपटॉप चालू केला की सगळ्यात आधी एका कंपनीचं नाव यायचं. त्या कंपनीत आमच्या घरातलं कुणीही कधी नोकरीला नव्हतं. (कॅम्पसला आली तर मी नाही म्हणणार नाही, पण तो विषय वेगळा!) झालं असं की फर्स्ट इयरला बाबांनी मला सेकंडहँड थिंकपॅड टी४८० घेऊन दिला, २२,००० रुपयांना. आधी तो कुठल्यातरी ऑफिसात होता आणि तिथल्या लोकांनी स्टार्टअपला स्वतःचा लोगो टाकून ठेवला होता. खाली बारीक अक्षरात इंग्रजीत लिहिलेलं, की हे यंत्र आमच्या मालकीचं आहे.

गंमत वाटायची सुरुवातीला. मग एका प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल सरांनी स्क्रीनकडे बघून विचारलं, "इंटर्नशिप केलीस का तिथं?" मी नाही म्हटल्यावर ते जे काही हसले ना, ते माझ्या डोक्यात बसलं. बाबांनी पै पै साठवून घेतलेली वस्तू आणि रोज सकाळी ती सांगते की मी तुझी नाहीच!

साहजिकच मी आधी विंडोज उडवून नव्यानं टाकलं. लोगो तसाच. एसएसडी बदलली. तरी तसाच! तेव्हा अक्कल आली की ते चित्र डिस्कवर नसतंच मुळी. ते असतं मदरबोर्डवरच्या छोट्या फ्लॅश चिपमध्ये, बायोसच्या शेजारी. विंडोज ८ पासून तर विंडोजसुद्धा बायोसकडून तेच चित्र मागून घेतं आणि त्याच्याखाली आपले ते गोल फिरणारे ठिपके लावतं. म्हणजे घर आपण रंगवलं, पण दारावरची पाटी जुन्या मालकाचीच.

आमच्या मामाच्या वेळी हे फार सोपं होतं म्हणे. विंडोज ९८ मध्ये सी ड्राइव्हवर लोगो.सिस नावाची फाइल ठेवायची, की झालं. नाव सिस, पण आत साधं बिटमॅप चित्र, ३२० बाय ४००, २५६ रंग. स्क्रीनवर ते आडवं ताणलं जायचं, म्हणून चित्र आधी दोन्ही बाजूंनी दाबून ठेवावं लागे. मामानं सचिनचा फोटो न दाबता टाकला होता, त्यामुळे वर्षभर त्याच्या पीसीवर सचिन इंझमामसारखा दिसत होता. शटडाऊनचं चित्रही बदलता यायचं. तिथं मामानं पेंटमध्ये माउसनं लिहिलं होतं, "जा, झोप आता."

माझ्या लॅपटॉपची रीत अशी : कंपनीच्या साइटवरून बायोस अपडेट उतरवायचा, तो जिथं उघडतो त्या फोल्डरमध्ये आपलं चित्र लोगो या नावानं ठेवायचं आणि अपडेट चालवायचा. चित्र सापडलं की तो विचारतो, हे वापरू का? आपण हो म्हणायचं. चित्र बीएमपी, जेपीजी किंवा न हलणारं जीआयएफ चालतं, पण साईज ६० केबीच्या आत हवी आणि रिझोल्यूशन स्क्रीनच्या ४० टक्क्यांपर्यंतच. माझी स्क्रीन १९२० बाय १०८०, म्हणून मी ७६८ बाय ४३२ धरलं. आता साधा हिशोब करा. एवढं चित्र २४ बिट रंगात बीएमपी म्हणून ठेवलं तर ९७२ केबी होतं. आपल्याकडे जागा ६०!

चित्र काय टाकायचं हे ठरलेलं होतं. नव्या वहीच्या पहिल्या पानावर आपण लिहितो तेच : श्री. काळ्या पडद्यावर मोठ्ठा श्री. दिवाळीच्या सुट्टीत कराडला घरी बसून मी एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाइप केला आणि त्यानं त्याचे तुकडे केले. श, त्याच्या पायाला लटकलेला हलन्त, मग सुटा र, आणि त्याच्यापुढे दुसरी वेलांटी. खरं सांगते, मला पहिल्यांदा त्यात फार काही वावगं वाटलं नाही! मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं तर १ रुपया दंड होता आणि माझं मराठी लेखन हे परीक्षेपुरतं. हे लिहितानाही आई शेजारी बसून ऱ्हस्व-दीर्घ बघतेय.

पण आजोबा मागून जात होते. ते थांबले.

"हे काय लिवलंस?"

"श्री आहे आजोबा."

"ह्याचे हातपाय कुणी तोडले?"

इथं थोडं मागे जायला हवं. आजोबा पेंटर. चित्रं काढणारे नव्हे, बोर्ड रंगवणारे. कराडात दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, शाळेच्या भिंती, सगळं त्यांनी केलं. माझ्या जन्माच्या आसपास गावात फ्लेक्स छापायची मशिनं आली. आठ दिवसांचा बोर्ड अर्ध्या तासात निघायला लागला आणि दोन-चार वर्षांत आजोबांचे ब्रश माळ्यावर गेले. तेव्हापासून कॉम्प्युटर या वस्तूला त्यांनी हात लावलेला नाही. मी इंजिनिअरिंगला कॉम्प्युटर घेतलं तेव्हा ते "चांगलंय" म्हणाले आणि पेपर वाचत बसले. त्यामुळे त्यांना विचारायला मी दोन दिवस घेतले.

"आजोबा, तुम्ही लिहून द्याल का?"

"त्या मशीनसाठी?"

मग बराच वेळ काही नाही. आतून आईनं कुकर बंद केल्याचा आवाज. मग म्हणाले, "किती बाय किती?"

मी ७६८ बाय ४३२ म्हणाले. ते बघतच राहिले. "सोळास नऊ," मी दुरुस्त केलं. क्षणात उत्तर आलं, "म्हणजे दोन फूट बाय साडेतेरा इंच." (आम्हाला यासाठी कॅल्क्युलेटर लागतो!) पुढचा प्रश्न, "किती वेळ दिसणार?"

"तीन-चार सेकंद." मला ओशाळल्यासारखं झालं. चार सेकंदांसाठी कुणाला माळ्यावर चढवायचं!

पण आजोबांना त्याचं काहीच वाटलं नाही. म्हणाले, "स्टँडातनं एसटी भाईर पडती तवा लोक बोर्ड तेवढाच बघत्यात. म्हणून अक्षर जाड ठेवायचं, आजूबाजूला जागा मोकळी सोडायची, आन् रंग तीन. चौथा रंग गिऱ्हाईक सांगतं, पेंटर न्हाई."

हार्डबोर्डच्या तुकड्याला पिवळा हात मारून वाळवला. दुसऱ्या दिवशी खडू लावलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून टचकन सोडली, सरळ रेष उमटली. हात आता कापतो, म्हणून मनगटाखाली काठीचा टेकू. पण ब्रश बोर्डाला लागला की कापणं थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. श च्या पोटातून र निघाला, वेलांटी वरून वळून खाली आली. लाल अक्षर, काळी सावली. आणि शेवटी उजव्या कोपऱ्यात, पाव इंच उंचीत, त्यांच्या प्रत्येक बोर्डावर असायचं तसं : आमचं आडनाव, पुढे आर्ट्स, खाली कराड.

मोबाइलवर फोटो काढला, ४ एमबी. लहान करून जेपीजी केला तर ६० केबीत बसला, पण कडा घाण झाल्या. जेपीजी उजेडापेक्षा रंगाची माहिती जास्त छाटतं, त्यामुळे लाल-पिवळ्याच्या सीमेवर मळकट डाग येतात. मग तेच १६ रंगांचं जीआयएफ केलं. एकाच रंगाचे लांब पट्टे जीआयएफ फार थोडक्यात साठवतं. फाइल झाली १४ केबी! तीन रंगांचा नियम आजोबांना कुणी शिकवला असेल ते असो, त्या चिपला तो बरोबर मानवला.

पण सही गेली. दोन फुटांचे ७६८ पिक्सेल, म्हणजे इंचाला ३२. पाव इंचाचं अक्षर ८ पिक्सेलांत. तिथं नुसती मुंग्यांची रांग दिसत होती. रूममेटला फोन केला. ती म्हणाली, क्रॉप कर, कोण बघतंय? तिचं दुसरं म्हणणं, हे लोगो प्रकरण धोक्याचं असतं. त्यात तथ्य आहे. २०२३ च्या डिसेंबरमध्ये बायनर्ली नावाच्या कंपनीच्या लोकांनी लोगोफेल नावानं दाखवून दिलं होतं, की बायोसमधला चित्र वाचणारा कोडच कच्चा असू शकतो. मुद्दाम बिघडवलेलं चित्र ठेवलं तर विंडोज जागं व्हायच्या आधीच मशीन ताब्यात घेता येतं. एएमआय, इनसाइड, फिनिक्स, तिन्ही मोठ्या बायोसवाल्यांचा कोड त्यात सापडला होता. म्हणून नवीनातला नवीन बायोसच घ्यायचा आणि चित्र स्वतःच्या हातचं.

क्रॉप मात्र मी केलं नाही. ८०० टक्के झूम करून, एकेक चौकोन भरत, १४ पिक्सेल उंचीत ती सही मी स्वतः पुन्हा काढली. सव्वादोन तास. आजोबांना सांगितलं नाही.

अपडेट चालवला तेव्हा बॅटरी भरलेली, अडॅप्टर लावलेला, आणि मी देवाचं नाव घेत होते. मध्येच वीज गेली आणि बॅटरीनं दगा दिला तर २२,००० रुपयांचा पाट! स्क्रीन काळी झाली, पंखा भणभणला, पट्टी सरकत राहिली, मग पुन्हा काळोख. आणि पिवळ्यावर लाल श्री. सगळं घर गोळा झालं. बाबांनी मोबाइलवर फोटो काढायला घेतला तोवर विंडोज आलंसुद्धा.

आजोबा खुर्ची ओढून बसले. "परत लाव."

रिस्टार्ट केलं.

"परत."

तिसऱ्यांदा ते श्रीकडे बघतच नव्हते. चष्मा वर करून, कोपऱ्यात.

"आर्ट्सचा रफार आ वर बसलाय. ट वर पायजे." मग माझ्याकडे बघून, "हे मी लिवल्यालं न्हाई."

"मी लिहिलं."

"दिसतंय."

पेपरच्या कोऱ्या कडेवर त्यांनी पेन्सिलनं र्ट काढून दाखवला. एकदा सावकाश, एकदा त्यांच्या नेहमीच्या वेगानं. मग पेन्सिल माझ्या हातात दिली. मी पाच वेळा काढला, पाचवा त्यांना चालला. तेवढ्यात खरोखरच वीज गेली. बॅटरी ३१ टक्के होती, आणि एवढ्यावर बायोस अपडेट करायचा नसतो. आजोबा म्हणाले, वीज आली की उठव, आणि खुर्चीतच डोळे मिटून बसले.